भरल्या पोटाची खवली

डबा मांडीवर होता आणि अजून गरम होता. झाकणाच्या कडेनं खिरीचा एक ओघळ निघून साडीवर उतरला होता. तो मला दिसत होता, पण रुमाल काढायला हात उठत नव्हता. गडमुडशिंगीहून निघालेली के.एम.टी.ची बस उचगावला थांबली, चार बायका चढल्या, त्यांच्या ओल्या छत्र्यांचं पाणी माझ्या पायांवर सांडलं, आणि कंडक्टर दुसऱ्यांदा म्हणाला, "बाई, तिकीट म्हणतोय न्हवं मी." माझ्या तोंडून 'कोल्हापूर एक' निघायच्या ऐवजी मला मासे पुरवणाऱ्या लालासाबच्या बायकोचं, चाँदबीचं, वाक्य निघणार होतं. आमचा रोजा हाय बाई, माशांचा न्हाय. ते वाक्य ती हसत हसत बोलली होती, परसातल्या दगडी डोणीशी वाकून, हातातला भाकरीचा चुरा पाण्यावर भुरभुरवत. डोणीत माझ्या शुक्रवारच्या खवल्या होत्या, उद्या कापायचे मासे. पंधरा-वीस असतील. चुरा पडला तशा त्या वर आल्या आणि पाणी एकदम खळबळलं. घडलं ते एवढंच. कुणी मेलं नाही, काही फुटलं नाही. मी मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते आणि तो चहा तसाच राहिला.

मी मासे कापते. म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पण आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात कुणी विचारलं की आक्का हेच सांगते, "आमची माला मासं कापती आन् त्येंच्या पोटात काय हाय त्ये बघती." आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती चौथीत होती, शाळा सोडून चुलीपुढं बसली ती बसलीच. माझं पूर्ण नाव विजयमाला, पण ते फक्त हजेरीपटावर आणि माझ्या प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर आहे. आक्कानं केलेलं माझ्या कामाचं वर्णन मात्र अगदी बिनचूक आहे. सत्तर सालापासून पाच वर्षं दर शुक्रवारी मी उंबर तलावातले मासे कापले, त्यांची आतडी सोडवली, आतलं काचपट्टीवर पसरलं, सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले, आणि त्यावरून एक चित्र काढलं. तलावात कोण कुणाला खातं याचं. सगळ्यात वर मरळ, कारण तो कुणालाही खातो. सगळ्यात खाली पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ, जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पाणी हिरवं दिसतं तेवढंच. मध्ये पाणकिडे, गोगलगायी, आणि खवली. खवली म्हणजे वीतभर रुपेरी मासा. तलावाकाठची पंधरा घरं त्या माशावर जगतात. माझ्या चित्रात खवलीकडे जाणारा बाण शेवाळाकडून येत नव्हता. तो एका वेगळ्या चौकटीतून येत होता आणि त्या चौकटीत मी हिरव्या शाईनं सुवाच्य लिहिलं होतं, 'काठावरच्या शेतांतून वाहून येणारे धान्यकण व कोंडा'. त्या चौकटीचं सगळ्यांनी कौतुक केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवालात लिहिलं की इतक्या भरल्या पोटांचे नमुने त्यांच्या पाहण्यात नाहीत. इतरांच्या माशांची निम्मी पोटं रिकामी निघतात, माझ्या खवल्यांची कधीच निघाली नाहीत. मला त्याचा अभिमान होता. वर्गात मी तो दाखवलाही आहे, उगाच खोटं कशाला बोला.

बस शाहू नाक्याशी आली तेव्हा मी स्वतःशी वाद घालायला लागले होते. कदाचित हे आजच झालं असेल. रमजानचा महिना, दानधर्माचे दिवस, आजच तिच्या मनात आलं असेल. पण मी तिला विचारलं होतं ना. कप खिडकीत ठेवून विचारलं होतं, "चाँदबी, हे तुम्ही नेहमी टाकता?" आणि ती म्हणाली होती, "दर बेस्तरवारी टाकतो की. तुमी जिता मासा पायजे म्हनला, तवापास्नं. ह्ये सांजचं मासं आनून डोणीत सोडत्यात, सकाळच्या मोटारीला बादलीतनं नेत्यात. रातभर उपाशी ठेवायचं व्हय? भाकरीचा चुरा टाकायचा, थोडा कोंडा टाकायचा. मरळ न्हाय खात. लई मानी हाय त्यो. खवली बिचारी खाती." मी म्हटलं, "पण का?" माझा आवाज जरा चढला असावा, कारण तिच्या हातातली परात थांबली. "आवो बाई, खायासाठी मारायचं आसतं तर गोष्ट येगळी. तुमी तर नुसतं बघायला कापता. बकऱ्यालाबी कापायच्या आदी पानी पाजत्यात. उपाशीपोटी कुनाला सुरीपुढं धाडायचं न्हाय. आमच्यात पाप मानत्यात." आणि मग तिनं मला रोज्याचं ते वाक्य ऐकवलं, आणि घरात जाऊन आक्कासाठी खिरीचा डबा भरून आणला. दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब नसलेल्या बाईनं तो भरला होता. मी तो घेतला. नाही कसं म्हणणार?

मी तिथं गेले होते आनंदाच्या कामाला. तिचा नवरा लालासाब आठ वर्षं मला मासे पुरवतोय. प्रबंध झाला तरी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी त्याची शुक्रवारची बादली चालूच आहे. शुक्रवार मी ठरवला असं मी सगळ्यांना सांगायचे, खरं तर तो लालासाबनं ठरवला होता, कारण जुम्म्याच्या नमाजाला तो कोल्हापुरात येतोच, जाता जाता बादली देता येते. येत्या रविवारी तलावावर कार्यक्रम होता. चंदेरा नावाच्या परदेशी माशाची दहा हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तलावात सोडायची होती. चंदेरा झपाट्यानं वाढतो, पाच-पाच किलोचा होतो, आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ खातो. शेवाळ खवलीही खात असती तर दोघांचं एकाच ताटात भांडण झालं असतं आणि त्यात खवली मेली असती. पण खवली शेवाळ खात नाही. तसं कुणी म्हटलं? मी म्हटलं. पान एकशे बारा. माझाच विद्यार्थी कृष्णात आता मत्स्य अधिकारी आहे, त्यानं ते पान फाइलला लावून मंजुरी आणली होती आणि मला येऊन पाया पडून गेला होता. रविवारी लालासाबला शाल-नारळ द्यायचं मीच सुचवलं होतं. तेच सांगायला मी गुरुवारी त्याच्या घरी गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा. आमची भेट नेहमी तलावाच्या बांधावर नाही तर प्रयोगशाळेच्या दारात. एकदाही त्याचं घर कुठं आहे, मासे रात्री कुठं राहतात, हे मी विचारलं नव्हतं. मासा बादलीतच जन्मतो अशी माझी काहीतरी समजूत असणार.

आक्कानं खीर खाल्ली आणि म्हणाली, "हात चांगला हाय गं बाईचा." मी हो म्हटलं. जेवताना भाकरी मोडली आणि ताटाकडे बघत राहिले. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी माझा प्रबंध ठेवलेला आहे. खंडेनवमीला घरातली विळी, कात्री, कोयता मांडून पूजा होते त्यात आक्कानं त्या वर्षी तो मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग तो तिथंच राहिला. तिला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पुठ्ठ्यावर आता कुंकवाचं बोट उमटलेलं आहे. रोज सकाळी ती त्याच्यावर फूल ठेवते. मला आधी हसू यायचं, मग सवय झाली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला भीती वाटत होती, सरळ साधी भीती. मी हिशेब लावत होते की हे कुणाकुणाला माहीत आहे. चाँदबीला माहीत आहे, पण ती काय करते हे तिला माहीत नाही. लालासाबचंही तसंच. म्हणजे फक्त मला. मी गप्प बसले तर जगात हे कुणालाच कळणार नाही. हा विचार आला आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी भीती वाटली.

शुक्रवारी दहा वाजता लालासाब बादली घेऊन आला. "कालच्याला घाईनं गेलासा," एवढंच म्हणाला. "चाँदबी म्हनाली, बाईंनी च्या बी न्हाय पेला." मी म्हटलं, डोकं दुखत होतं. तो गेल्यावर मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. फॉर्मॅलिनचा वास इतक्या वर्षांत मला येईनासा झालाय, त्या दिवशी तो आला आणि डोळ्यांत पाणी आलं. एक खवली घेतली, पोट उघडलं, आतडं सोडवलं. भरलेलं होतं. नेहमीसारखं टच्च. त्यातलं जरासं काचपट्टीवर घेतलं, त्यावर आयोडिनचा थेंब टाकला. निळं झालं. मग मी माझा जेवणाचा डबा उघडला, आक्काच्या भाकरीचा तुकडा पाण्यात चोळला आणि दुसऱ्या काचपट्टीवर घेतला. दोन्ही काचा आळीपाळीनं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत राहिले. कच्च्या जोंधळ्याच्या पिठाचा कण टोकदार, कोनाकोनाचा असतो, मध्ये एक ठिपका. शिजला की तो फुगतो, फुटतो, त्याच्या कडा जातात. शेतातून वाहून आलेला दाणा शिजलेला कसा असेल? तव्यावरून वाहून आला काय? डाव्या काचेवर खवलीच्या पोटातलं होतं, उजव्या काचेवर माझ्या डब्यातलं, आणि काचांची अदलाबदल झाली असती तर मला सांगता आलं नसतं कुठली कुठली.

तरीही एवढ्यानं मी एवढी घाबरले नसते. चूक होते. संशोधन करणाऱ्याची होते, स्वयंपाक करणाऱ्याची होते, चुकीला पाठ दाखवू नये एवढं मीच पोरांना शिकवते. मला घाबरवलं जुन्या वहीनं. खालच्या कपाटात माझ्या कच्च्या वह्या आहेत, माशांच्या पाण्यानं पानं फुगलेल्या. मी त्र्याहत्तर सालची काढली. मला नेमकं माहीत होतं कुठली काढायची, आणि हेच फार वाईट होतं. फेब्रुवारीचं पान. पेन्सिलनं काढलेला एक कण, फुगलेला, कडा फाटलेला. त्याच्याशेजारी लिहिलेलं, 'शिजलेला?' आणि ते प्रश्नचिन्ह मी दोनदा गिरवलेलं. त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून बराच वेळ विचार केला होता, हे आता आठवलं. आठवलं कसलं, विसरलेच कधी होते? विचार केला की तलावाकाठी बायका भांडी घासतात, त्यातलं खरकटं असेल. मग वाटलं, पण सगळ्याच माशांच्या पोटात? मग घंटा झाली आणि मी तासाला गेले. पक्क्या वहीत उतरवताना मी तो शब्द गाळला. प्रश्नचिन्ह तर उतरवायचा प्रश्नच नव्हता. माझं वय अडतीस होतं, प्रबंधाचे माझे मार्गदर्शक सर निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती, आक्का गुडघ्यांनी बसायला आली होती आणि शेजारच्या शालूबाई तिला ऐकवायच्या, बहीण लग्न न्हाय करत, निदान डाक्टर तरी कधी हुनार? एक शब्द गाळायला मला कसलेच कष्ट पडले नाहीत.

दुपारभर मी तिथंच बसले. प्रात्यक्षिकाला पोरं आली, त्यांना मासे दिले, आज फक्त कल्ले बघा म्हटलं, पोट उघडू नका. खिडकीतून खालच्या रस्त्यावरून भरलेली बैलगाडी गेली की रिकामी गेली हे मला आठवत नाही, पण बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज अजून कानात आहे. मनात एकामागून एक पळवाटा तयार होत होत्या आणि प्रत्येक पळवाट अगदी शहाण्या माणसाच्या बोलण्यासारखी वाटत होती. चंदेरा कदाचित जगणारच नाही. खवली कदाचित दोन्ही खात असेल, शेवाळही, धान्यही. कशावरून नाही? मी कुठं तलावातली खवली लगेच उघडून बघितली आहे? आणि इथं मी अडखळले. कुठं बघितली आहे? पाच वर्षांत एकदाही नाही. ते सोपं होतं, एका सकाळचं काम होतं. मला ते करायचं नव्हतं, म्हणूनच ते करावं लागणार होतं.

शनिवारी सहाच्या बसनं मी गेले. पिशवीत सुरी, काचपट्ट्या, एक भिंग. तलावावर धुकं होतं आणि पाणी श्रावणात असतं तसं गढूळ हिरवं. त्या वर्षी रमजान आणि श्रावण एकाच चंद्रावर लागले होते. लालासाब सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं जेवण, आटोपून नुकताच आला होता. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर पोट टेकून तो आत गेला, जाळं ओढलं, आणि मी बांधावर वर्तमानपत्र पसरून बसले. साडीची कड चिखलात गेली होती. पहिली खवली अजून तडफडत होती तेव्हाच मी तिचं पोट उघडलं. भिंगाची गरजच पडली नाही. आतड्यात हिरवं होतं. मेंदी कालवावी तसं, गडद, ओलं, हिरवं. दुसरी उघडली. हिरवं. एक रिकामी निघाली. चौथी, पाचवी. मी एकापुढं एक कापत गेले, सहा, सात, अकरा, माझ्या नखांत ते हिरवं शिरलं आणि मी थांबेना, जणू एखादी तरी खवली पोटात भाकरी घेऊन निघेल आणि मला सोडवील. शेवटी लालासाबच म्हणाला, "बाई, पुरं की. खानार न्हाय तर कशाला कापता?"

मी सुरी खाली ठेवली. "लालासाब, खवली काय खाते?" असं मी विचारलं. आठ वर्षांनी.

"हिरवं पानी खाती की," तो म्हणाला. "म्हंजे पान्यातलं हिरवं. ज्या साली पानी हिरवं हुईत न्हाय त्या साली खवली न्हाय. ह्ये तर इथल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"मग मला कधी बोलला नाहीत ते?"

त्याला प्रश्नच कळला नाही. पाणी निथळत तो उभा होता, जाळ्यातली पानं वेचत. "तुमी इचारलं कुटं? तुमी म्हनला, मासा जिता पायजे. मासा जिता दिला." मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी चढलं. तो हुशार माणूस आहे. "त्ये भाकरीचं काय झालं काय? बेस्तरवारी तुमी तसंच निगून गेलासा. आमचं काय चुकलं व्हय बाई?"

काय सांगणार होते मी? होय म्हटलं असतं तर ते खरं होतं. त्यानं ते घरी नेलं असतं, आणि रोज्यानं सुकलेल्या तोंडाची ती बाई डोणीशेजारी बसून रडली असती, की बाईंचं आठ वर्षांचं काम माझ्या चिमूटभर चुऱ्यानं बुडालं. मी म्हटलं, "तुमचं न्हाय. माझं चुकलंय. चाँदबीला काय बोलू नका." कॉलेजात मी 'न्हाय' म्हणत नाही. त्यानं जाळ्यातलं शेवटचं पान काढून टाकलं. मग म्हणाला, "म्हंजे इतवारी शाल न्हाय म्हना की," आणि हसला, मला हसवायला. मला हसता आलं नाही. कापलेल्या अकरा खवल्या त्यानं धुऊन एका पानावर घेतल्या. "ह्या घरला न्हेतो. वाया कशाला घालवायच्या," म्हणाला.

कृष्णात कचेरीत होता. टेबलावर रविवारच्या पत्रिका, कोपऱ्यात हारांच्या टोपल्यांची यादी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नखांतलं हिरवं तो बघत होता. आधी त्यानं खुर्ची दिली, मग पाणी मागवलं, मग दार लावलं. "बाई, बोटुकलीची गाडी आज निघायची आहे. मंडप घातलाय. साहेब येणार आहेत. तुमच्या पानावर मी सही घेतलीय, आता मी काय सांगू?" तो वाईट माणूस नाही. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा, वारणेकडून सायकल मारत यायचा, आणि बेडूक कापायची वेळ आली की सुरी शेजारच्याकडे सरकवायचा. थोडा वेळ तो पेन टेबलावर आपटत बसला आणि मग त्याला वाट सापडली. त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही असं करा बाई. गाडी मी थांबवतो. खवलीचं तुम्ही म्हणताय म्हटल्यावर थांबवलीच पाहिजे. पण तुम्ही एवढंच लिहून द्या, की मासे पुरवणाऱ्या माणसानं तुमच्या नकळत त्यांना खाऊ घातलं. लबाडी म्हणा, अडाणीपणा म्हणा. तुमची पदवी राहते, माझी नोकरी राहते. आणि खरंच आहे की ते! त्याला कोण विचारायला जाणार आहे?"

खरं होतं. तेच तर भयंकर होतं. त्या वाक्यात एकच शब्द खोटा होता आणि तो शब्द खोटा आहे हे माझ्याशिवाय कुणाला कधीच कळलं नसतं. वही माझ्या कपाटात होती, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. त्यानं कागद पुढं सरकवला. मी लिहायला सुरुवात केली आणि 'माझ्या नकळत' इथपर्यंत लिहिलंही. अक्षर चांगलं येत होतं. पण डोळ्यांपुढं परात थांबलेली चाँदबी आली, माझा आवाज चढला म्हणून थांबलेली, आणि मला माझीच शिसारी आली. मी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, की खवलीच्या पोटात शिजवलेल्या पिठाचे कण मला त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत दिसले होते, माझ्या वहीत त्याची नोंद आहे, ती मी पक्क्या प्रतीत गाळली आणि चौकशी केली नाही. मासे पुरवणाऱ्यानं मी सांगितलं तेवढं चोख केलं. खाली सही केली. कृष्णातनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि "आवो बाई, काय केलं तुमी ह्ये," असं तो त्याच्या घरच्या बोलीत म्हणाला. मग त्यानं फोन उचलला आणि गाडी थांबवली. दुसरा फोन कॉलेजात केला. सोमवारी अकरा वाजता प्राचार्यांकडे तीन माणसांपुढं मला बसायचं आहे, असा निरोप रविवारी दुपारी आला. येताना वही आणावी.

रविवारी मी देव्हाऱ्यातून प्रबंध काढला. आक्का तांदूळ निवडत होती, तिनं बघितलं. मी तिच्यापुढं फरशीवर बसले आणि सांगितलं. शिजलेला कण, बाण, चौकट यातलं काहीच सांगितलं नाही. चाँदबीचंही नाही. एवढंच म्हटलं, "आक्का, त्यात मी एक खोटं लिहिलंय. मला तवाच संशय आलता आन् मी दाबला. उद्या त्ये इचारनार हायत." ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "काढून टाकतील तुला?" मी म्हटलं, "माहीत नाही." "डाक्टर काढून घेतील?" "घेतील बहुतेक." मग ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि देव्हाऱ्यातली रिकामी जागा ओल्या फडक्यानं पुसून काढली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. सांज होईपर्यंत बोळातून शालूबाईंच्या रेडिओचा आवाज येत राहिला.

सोमवारी सकाळी मी लवकर उठले. वही पिशवीत घातली, काढली, पुन्हा घातली. श्रावणी सोमवार आमच्या घरात कडक. आई होती तेव्हापासून, सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, आणि लहानपणी मी एकदा शेंगदाणे खाल्ले म्हणून आक्कानं मला उलथन्यानं मारलं होतं. साडेनऊला मी चपला घालायला गेले तर स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. वाटलं, चुकून. वार विसरली असेल, कालपासून तिचं लक्ष कुठं आहे? आत गेले तर पाट मांडलेला, ताट वाढलेलं. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी दोडक्याची भाजी. ती चुलीपुढं बसली होती आणि तिच्या कपाळावर सोमवारचा भस्माचा पट्टा होता.

"आक्का, सोमवार हाय की आज."

"ठावं हाय मला." तिनं तव्यावरची दुसरी भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलं नाही. "बस. आदी जेव."

"उपास हाय न्हवं?"

"उपास माझा हाय," ती म्हणाली, "तुझा न्हाय. उपाशीपोटी जाऊ नगंस तिथं."

मी पिशवी खाली ठेवली आणि पाटावर बसले. भाकरी मोडली. वाफ हातावर आली. माझ्या नखांत अजून थोडं हिरवं होतं. आक्का समोर बसून बघत राहिली आणि मी शेवटच्या घासापर्यंत सगळं खाल्लं.